बुडबुडे कोठून आले

प्रिय शिट्टी,

तू बहिणीकडे सुखरूप पोहोचल्याचे तुझ्या सूनबाईंकडून कळले. बहिणीच्या गुडघ्याला आता उतार असेल. भाजीची यादीसुद्धा मी अर्जासारखी लिहितो, अशी तू थट्टा करतोस. हे पत्रही तुला तसेच वाटेल. वाटू दे. इंजिनाबद्दल लिहावयाचे आहे.

आपली नायट्रो इंधनावर चालणारी छोटी शर्यतगाडी अलीकडे कशी वागत होती, ते तू पाहिलेच आहेस. रिमोटचा खटका सोडला तरी ते मुठीएवढे इंजिन शांत होत नसे, किंचाळतच राही. इंधनाचा स्क्रू जमवावा, तर टाकी अर्धी होईपर्यंत पुन्हा बिघाड. अशा वेळी स्क्रूला दोष देऊ नये, कोठून तरी चोरटी हवा आत शिरते आहे, हे आपण पंपांच्या कारखान्यात एका बाकावर शिकलेली माणसे जाणतो. मी नळी बदलली. टाकीच्या झाकणाचे रबर बदलले. तू शेजारी बसून विजेरी धरत होतास आणि पुढचे बेअरिंगच गेले असेल, असे म्हणत होतास. तुझ्या शब्दावर मी तेही बदलले.

शेवटी बादली. सगळी तोंडे बुचांनी बंद करून इंजिन पाण्यात बुडवावयाचे आणि इंधनाच्या नळीतून फुंकावयाचे. जेथे फट, तेथे बुडबुडे. तू इंजिन धरावेस आणि मी फुंकावे, ही आपली जुनी वाटणी. किती वेळा बुडवले, पण एक बुडबुडा येईना. माझे गाल दुखू लागले. मुलगी येता-जाता हसे, बाबा, बादली फुगवताय का? तू हसला नाहीस. तुझी शिट्टीही त्या दिवसांत बंद होती. माझ्याच काळजीने असेल, असे मी धरून चाललो.

मंगळवारी तू नव्हतास. मी इंजिन तारेला टांगून पाण्यात सोडले आणि फुंकले. कार्बोरेटरच्या बुडाशी बुडबुड्यांची माळ उठली. थांबून पुन्हा फुंकले. तीच जागा. तेथे तुझा अंगठा असतो.

कार्बोरेटर उपसून खालची रबरी कडी काढली. रबर वयाने तडकते, तेव्हा कडा ओबडधोबड होतात. ही पात्याने सरळ कापलेली होती. मी ती मुलीपुढे धरली. ती कपडे वाळत घालत होती. टॉवेल हातातच राहिला. म्हणाली, गाडी बंद पाडायला काकांना मीच गळ घातली, बाबा. माझं ऐकलं असतं का तुम्ही?

ती मुलगी आहे. तिला भीती वाटली, तिने लपवले. तेवढे मी समजू शकतो. पण मी लाल होईपर्यंत फुंकत होतो आणि तू फटीवर अंगठा दाबून, पाण्यात डोकावून, मान हलवत होतास, हे मला गिळता येत नाही. गेल्या शर्यतीत गाडी मैदानाच्या कडेची फळी ओलांडून पंचाच्या नडगीवर आदळली, तेव्हा मी रिमोटला दोष दिला. तुला ते पटले नव्हते, तर तेथेच चारचौघांत म्हणावयाचे होते, म्हाताऱ्या, तुला दिसत नाही. मी भांडलो असतो. कदाचित आठवडाभर बोललो नसतो. पण ते समोरासमोर झाले असते.

नवी कडी बसवून काल मी एकटाच मैदानावर गेलो. इंजिन सुरेख चालले. खटका सोडताच मांजरासारखे गुरगुरत राहिले. मग गाडी पलीकडच्या वळणावर गेली आणि माझ्याजवळ तिचा फक्त आवाज उरला. आवाजावरूनच परत आणली; येताना ती कुंपणाला घासली. हे मुलीला सांगितलेले नाही. तुला सांगावयाचे होते, म्हणून हे पत्र. पुढच्या शर्यतीला नाव आपल्या दोघांचे आहे. रिमोट तू घे. इंजिन मी जमवीन, कान शाबूत आहेत. आपले पूर्वीसारखे होईल, असे मात्र माझ्याने लिहवत नाही. आणि यापुढे बादलीत इंजिन मी धरीन. फुंकशील तू.

तुझाच,
अजून तरी,
जोडीदार