अर्धा तास

बाबा, आज मरोळच्या ऑफिसात बसून तुझ्यासाठी बनवलेलं, समुद्राच्या भरतीची वेळ सांगणारं वेबपान पुन्हा चालू केलं. जुना सर्व्हर मोडीत निघाला, मी सगळं नव्यावर हलवलं, आणि तुझं पान तेवढं कोरं दिसायला लागलं. कारण साधं होतं. ते ज्या भाषेत लिहिलंय, तिची जास्तीची कामं करणारी एक्स्टेन्शन्स नव्या सर्व्हरवर बंदच होती. एका फाईलमध्ये त्यांची यादी असते, आणि ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम असला की सर्व्हर ती ओळ वाचतच नाही. तिथी काढायला लागणाऱ्या कॅलेंडरच्या ओळीचा अर्धविराम मी खोडला, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि पान उघडलं. आज अष्टमी, भरती साडेसहा.

मी दोनदा वाचलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे तूच शिकवलंस, ओट्यावर जाळं शिवता शिवता, मला बोटांवर मोजायला लावून. आठाची पाऊणपट सहा. पानात मी लिहिलेलं गणितही तेवढंच आहे. ओळ न् ओळ तपासली, अर्धा तास मिळवणारं त्यात काहीच नाही. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "टाइमझोनची वाट लागली असेल यार, बघ ना." तेही पाहिलं. सर्व्हरचं घड्याळ सेकंदाला बरोबर होतं. मग मात्र मी शोधणं थांबवलं, कारण तो अर्धा तास कुणाचा ते मला ठाऊक आहे.

पान पहिल्यांदा बनवलं तेव्हाचं अजून दिसतं: तू माझ्या खुर्चीमागे उभा आहेस, हाताला डिझेलचा वास, आणि स्क्रीनकडे बघून चिडतोयस. "आपल्या खाडीत गाळ भरलाय गो. पानी अर्धा तास उशिरा येतं. टाक त्यात." मी म्हणते, नियम तो नियम. "नियम तुझ्या मशीनला सांग, पान्याला नको," म्हणत तू तरातरा निघून जातोस. मलाही राग येतो. शिकलेली मुलगी ना मी.

शेवटच्या वर्षी तुला तिथ्या आठवेनाशा झाल्या, आणि तू मुकाट्याने माझं पान बघून होडी काढायला लागलास. खाडीच्या तोंडाशी खडक आहे, पाणी पुरेसं चढल्याशिवाय होडी त्यावरून जात नाही. तीही अष्टमीच होती. पानावर सहा बघून तू निघालास, तेव्हा खडकावर पाणी पुरेसं चढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सापडलास. लोक म्हणाले, वय झालं होतं, अंदाज चुकला. बारा वर्षं मीही तेच म्हणतेय.

आता सात वाजलेत. मघाशी धाकट्याला फोन केला, तो खाडीवरच होता. "बरोबर साडेसहाला भरलं पानी," तो म्हणाला. "टाकलास ना गो ताई अर्धा तास शेवटी? बाबा किती मागं लागलेला." मी हो म्हणाले. पान तसंच ठेवलंय, त्याला हात लावायची मला भीती वाटते.

हे पत्र कुठे धाडणार? पण त्या सकाळी मी डबा भरत होते, तू दारातून विचारलंस, "टाकलास ना अर्धा तास?" कटकट नको म्हणून मी तेव्हाही हो म्हणाले होते. टाकला नव्हता, बाबा.