एकशे त्रेचाळीस नंबरचं कार्ड

वूस्टर, ओहायो
९ ऑक्टोबर

प्रिय एमेट,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. फेब्रुवारीपासून मी एकालाही उत्तर दिलं नाही, म्हणून तिसऱ्यात तू विचारलंस, "म्हाताऱ्या, मेलास की श्रीमंत झालास? दोन्हींपैकी काहीही असलं तरी तुझी जादाची कार्डं इकडे पाठवून दे." अर्लीनने ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग पत्राची घडी घातली आणि साखरेच्या डब्याखाली ठेवून दिली. मी मेलेलो नाही. श्रीमंतही नाही. बसलो होतो, एवढंच.

इकडे मका काढून झाला. शेतं मोकळी दिसतात. रेडिओवर बेसबॉलच्या अंतिम फेरीचे सामने लागतात, मी ते लावतो, आणि संपल्यावर कोण जिंकलं ते सांगता येत नाही. अर्लीन आज शेवटची भांडी परत करायला गेली आहे. फेब्रुवारीत चर्चमधल्या बायकांनी घरात एवढं जेवण आणून ठेवलं होतं की फ्रीजचं दार लागेना. हॅम, नूडल्स, चीज घातलेले बटाटे, पुन्हा बटाटे. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. तुमच्या आयोवातही असंच करत असतील. अर्लीन तर आमच्या घरातल्या पळ्यांनासुद्धा पट्ट्या लावते आणि म्हणते, नाव घातलं की वस्तू वाट चुकत नाही. तिने भांडी मार्चमध्येच घासून ठेवली होती, पण द्यायला मात्र आत्ता निघाली. एका काचेच्या भांड्याला नावच नाही. ती तीनदा विचारून आली, कुणी आपलं म्हणत नाही. ते ओट्यावर तसंच पडून आहे.

मी काय करतो असं विचारशील, तर फाइल उघडतो. सत्तावन्न सालची बेसबॉल खेळाडूंची चारशे सात कार्डं एकापासून शेवटपर्यंत बघतो, मिटतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो. आपली ओळख झाली तेव्हा माझ्याकडे दीडशेही नव्हती. संग्राहकांच्या त्या पेपरात माझी जाहिरात होती, 'हलक्या प्रतीची चालतील,' आणि तू उलट लिहिलंस, "हलकी म्हणजे किती हलकी? माझ्याकडे एक आहे, त्याच्यावरून ट्रॅक्टर गेलाय." ते अजून माझ्याकडे आहे, दोनशे नव्वद नंबर. शाळेच्या बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला कोरी करकरीत कार्डं कुठली परवडायला? कोपरे झिजलेली, घडी पडलेली, खिळ्याचं भोक असलेली, कुणाच्या तरी सायकलच्या आऱ्यांत फडफडून आलेली अशी घेतली. मधली अठ्ठ्याऐंशी दुर्मीळ कार्डं जमवताना तर मी दोन वर्षं दुपारी घरचं सँडविच सोडून दुसरं काही खाल्लं नाही, आणि अर्लीनने शिव्या देत का होईना, ते रोज बांधून दिलं. माझं शिक्षण आठवीचं. आकड्यांची सरासरी काढायला मी कार्डांच्या पाठीवरून शिकलो, खेळाडूंची जन्मगावं वाचून नकाशा शिकलो. आपण दोनदाच भेटलो, पण तू माझी फाइल चाळून म्हणाला होतास, "व्हर्लिन, खेळाडूंनी नाही रे, या कार्डांनीच सामने खेळलेत." मला ते फार आवडलं होतं.

तेव्हा किप सोबत होता, आठवतो का? माझा मुलगा, लांब हातांचा, तुझ्या बायकोने केलेला ॲपल पाय एकट्याने अर्धा संपवणारा. संच सुरू केला तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता. शनिवारच्या जुन्या बाजारात तो माझ्याबरोबर यायचा, टेबलाखालच्या खोक्यांपर्यंत त्याचेच हात नीट पोचायचे. एकशे त्रेचाळीस नंबर त्यानेच शोधला. खेळाडू अगदी साधा, त्याच्या शेजाऱ्यांना तरी नाव आठवत असेल की नाही कोण जाणे. पण किप ते कार्ड माझ्या गालाजवळ धरून दुकानदाराला सांगत सुटला, "बघा, बघा, हा माझा डॅडच आहे! टोपी घातलेला डॅड!" दुकानदार म्हणाला, "तुझ्या बापापेक्षा बरा दिसतोय की," आणि त्याने ते आम्हाला फुकट दिलं. दोन दिवसांनी मी बघतो तर पाठीवर, आकड्यांच्या बरोबर मधोमध, निळ्या पेनाने मोठ्या अक्षरांत KIP. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नव्हती, ते खाली घसरलं होतं.

मी फार बोललो त्याला. पेन लागलं की कार्ड मेलं, असंही म्हणालो. तो रडला नाही. नाव का घातलं तेही त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पुढे संच पुरा झाला आणि मला दुसरं खूळ लागलं, तुलाही लागलं होतं. मळकं कार्ड काढायचं आणि त्याच नंबरचं स्वच्छ बसवायचं. पैसे असणारे लोक सुरुवातीला करतात ते आपण म्हातारपणी करायला लागलो. नऊ वर्षांपूर्वी तू एकशे त्रेचाळीस पाठवलंस, चारही कोपरे धड, पाठ कोरी. सोबत चिठ्ठी होती, "घे, सुटका झाली तुझी त्या पोराच्या अक्षरातून." मी खूश झालो. जुनं काढलं आणि जादाच्या कार्डांबरोबर तुलाच पाठवून दिलं. किपला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

गेल्या नाताळात तो आला होता. जेवण झाल्यावर भांडी पुसताना सहज म्हणाला, "डॅड, माझं कार्ड आहे ना रे अजून? पेनवालं?" मी म्हटलं, "आहे ना, फाइलमध्ये. जाणार कुठे?" तो म्हणाला, "पुढच्या वेळी दाखव. तू तेव्हा काय ओरडला होतास! म्हातारा होत चाललायस, आता तरी त्याच्यासारखा दिसतोस का ते बघू." अर्लीन हसली. मी हसलो. फाइल दहा पावलांवर होती. त्याला पुढच्या वेळी खरं सांगू असं मी ठरवलं. जमलं तर त्याआधी तुला लिहू, असंही ठरवलं. मग जानेवारीत थंडी फार पडली आणि ते राहून गेलं.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला दुपारी, तो काम करायचा त्या टायरच्या दुकानात, सँडविच खाताना, किप गेला. हृदय, असं म्हणाले. त्रेचाळीस वर्षांचा होता. हे तुला जवळजवळ आठ महिने लिहिता आलं नाही. मी अजून रडलेलो नाही. लोक येतात, पाठीवर हात ठेवतात, तो हात माझ्या कोटावर पडल्यासारखा वाटतो. त्याला पुरून आलो त्या संध्याकाळी मी कोट न काढताच फाइल उघडली, एकशे त्रेचाळीस काढलं आणि उलटं केलं. पाठ कोरी. मला माहीत होतं, तरी उलटं केलं. रोज करतो. आता पुढूनही बघतो. चेहरा तोच आहे, पण माझ्याशी काही साम्य दिसत नाही. कुठे बघायचं ते त्यालाच ठाऊक होतं.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. सकाळी अर्लीनने दुकानातून हॅलोविनची चॉकलेटं आणली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मी खुर्चीवरून घाईने उठलो. दर वर्षी त्या संध्याकाळी सोंगं घेऊन दारावर येणाऱ्या मुलांच्या पिशव्यांत तू चॉकलेटाबरोबर एकेक फाटकं कार्ड टाकतोस. नऊ हॅलोविन होऊन गेले, तेव्हा किपचं कार्ड त्यात गेलंही असेल, हे मला कळतं. पण तूच लिहिलं होतंस की जादाच्या कार्डांच्या त्या खोक्याचा तळ तू कधी बघितलेला नाहीस, आणि हल्लीची मुलं निम्मी कार्डं तुझ्याच पायरीवर टाकून जातात. तेव्हा एमेट, या वर्षीच्या पिशव्या भरायच्या आधी एकदा खोकं टेबलावर उपडं कर. प्रत्येक कार्डाची पाठ बघ. सापडलं तर बदल्यात माझ्या फाइलमधलं हवं ते उचल. सगळ्यात महागडं घे, ज्याच्यासाठी मी सँडविचवर राहिलो तेही घे. संच चारशे सहाचा राहिला तरी चालेल. नाही सापडलं तर तसं लिही, गोड करून लिहू नकोस. इतकी वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी मला हव्या असलेल्या नंबरांची यादी मी तुला पाठवत आलो. ही त्यातली शेवटची.

हवं आहे: नंबर १४३. एकच. स्वच्छ नको.

तुझाच,
व्हर्लिन