आजीछाप बिअर

४ फेब्रुवारी, सकाळ
नातवाने फोनमध्ये सोय करून दिली. बटण दाबायचं, बोलायचं, फोन आपोआप लिहून घेतो. मला अक्षर येत नाही, म्हणजे मी काय बोलले ते मलाही वाचता येणार नाही. बरंच आहे. चारचौघांत बोलण्यासारखं मी फारसं बोलतही नाही.
कारण झालं ते असं. माझ्या मागच्या खोलीत त्याने बिअरची पिंपं आणून ठेवलीत. ती खोली बारा महिने गार. अशी खोली विकत मिळत नाही म्हणाला. मी आधी सांगितलं, माझ्या घरात दारू नको. तर म्हणे, दारू नाही गं आजी, क्राफ्ट बिअर. क्राफ्ट म्हणजे काय विचारलं, तर म्हणे हाताने केलेली. म्हणजे कष्टाची. कष्टाला मी कधी नाही म्हटलेलं नाही.
पिंपाच्या झाकणाला वाकडी नळी आहे. तिच्यातून बुडबुडे येतात. ते थांबले की त्याला कळवायचं. जबाबदारीचं काम आहे.

९ फेब्रुवारी
रोज संध्याकाळी येतो. शेजारीण म्हणाली, पिंपांसाठी येतो. मी म्हटलं, पिंपं हे निमित्त. येतो, सरळ मागच्या खोलीत जातो, नळीला कान लावतो, हे खरं. पण निघताना माझ्या दाराशी थांबून विचारतो, आजी, गोळी घेतलीस का? पिंपांना गोळीचं विचारत नाही.
बुडबुड्यांचा मात्र वैताग. गुबुक, गुबुक. डोळ्याला डोळा नाही.

२ मार्च, दुपार
पहिली बिअर चाखायला नातू आणि त्याचा पार्टनर. पार्टनरला सगळे दाढी म्हणतात. दाढीने ग्लास उजेडात धरला, डॉक्टर एक्स-रे बघतो तसा. मग वास घेतला. मग डोळे मिटले. मला वाटलं, गेला. तर म्हणे, संत्र्याची साल आहे, मग ओली लाकडं, शेवटी थोडा धूर.
मी बोट बुडवून चाटलं. कडूजहर. म्हटलं, शेवटी थोडी आजी पण आहे.
दोघं इतके हसले की नातवाला ठसका लागला. त्याच्याकडे बघून मीही हसले, तेवढ्यात दाढीने फोटो काढला. आणि बिअरचं नाव ठरलं : आजी.
नातू जाताना पायाही पडला. त्याला म्हटलं, नळीला कान लावून ये आधी.

२० मार्च
बाटली आली. वर माझा फोटो. खाली लिहिलेलं त्याने वाचून दाखवलं : गार खोलीत, मायेने. आता धंदा माझ्यावर उभा आहे. खोली माझी, तोंड माझं. सोडून जाईल कुठे?
ठरवलं, आता थोडं ताठ राहायचं. म्हटलं, दर रविवारी जेवायला इथे यायचं. तो लगेच हो म्हणाला. बोलताना फोनमध्ये बघत होता, पण हो म्हणाला.

११ एप्रिल
शहराबाहेर मोठी जागा घेतली त्यांनी. स्टीलच्या टाक्या. आज दाढीने येऊन मागच्या खोलीत थर्मामीटर लावला, आकडा टिपला. तोच आकडा तिकडच्या मशीनला दिला की झालं. त्या बटणाला म्हणे माझं नाव दिलंय. दाबलं की आजी चालू. इथे मला सकाळी उठताना दोन्ही गुडघ्यांची मनधरणी करावी लागते.
पिंपं टेम्पोत गेली. नातू म्हणाला, सुटलीस बघ एकदाची त्या गुबुक-गुबुकातून. मी म्हटलं, सुटले बाई.
स्टीलला काय कळतंय? महिन्याभरात परत आणतील. खोली पुसून ठेवली.

१४ एप्रिल
आता बुडबुडे नाहीत. तरी झोप नाहीच. म्हणजे दोष बुडबुड्यांचा नव्हता, उगाच बोलले त्यांना.
ठरवलं : आपण होऊन फोन करायचा नाही. त्याचं काम वाढलंय.
दुपारी फोन केला. कामाचाच होता. खोली अजून गार आहे एवढं कळवलं. तो म्हणाला, बरं.

९ मे
बिअरचा मेळावा. घ्यायला गाडी पाठवली, म्हणजे आठवण आहे. इस्त्रीची साडी नेसले. केवढी माणसं! जो तो ग्लास हलवतोय, वास घेतोय. एकाला त्यात जंगल दिसलं, एकीला लहानपण. गोड पोरं होती हो. कोणी कोणाला ढकलत नव्हतं.
आमच्या स्टॉलसमोर पुठ्ठ्याची मी. माझ्याएवढीच उंच, तोच हसरा फोटो, दोन्ही हातांत ग्लास. या हातांनी मी तो कधी धरलेला नाही. हात दुसऱ्या कोणाचे तरी जोडलेत, माझे इतके गुळगुळीत नाहीत. लोक तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, ओळखतील. एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, आजी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय.
झाले बाजूला.
नातू ग्लास भरत होता. मला बघून खुर्चीकडे बोट दाखवलं, म्हणजे काळजी आहे. खुर्ची स्पीकरजवळ होती. चार वेळा माझ्याकडे बघून हसला. दोनदा तरी नक्की. एकदा माझ्या मागे कोणीतरी उभं होतं.

३ जून
दारात टेम्पो थांबला. मला वाटलंच होतं! पळत, म्हणजे माझ्या पळण्याने, जाऊन मागच्या खोलीची खिडकी लावून घेतली, गारवा जाऊ नये म्हणून. पिंपं नव्हती. पुठ्ठ्याची मी आली. तिकडे तिला जागा नाही म्हणे. ड्रायव्हरकडे निरोप : मागच्या खोलीत ठेव.
ठेवली. तिला तिथे गार वाटेल.

२१ जून, रविवार, सकाळ
आज येतोय! कालच फोन आला, तोही आपण होऊन. इकडच्या एका हॉटेलात माल द्यायचाय, जाता जाता येतो म्हणाला. त्याच्या आवडीचं सगळं केलंय. शेजारणीला मुद्दाम जरा मोठ्याने सांगितलं.

२१ जून, दुपार
सकाळपासून खिडकीत उभी. खाली रस्ता दिसतो. गुडघे आता ऐकत नाहीत. खिडकीत कोणी नाही असं बघून त्याला वाटायचं, आजीला आठवण नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या आजीला आणून खिडकीत उभी केली. तिचे गुडघे बरे आहेत. मी जरा पाठ टेकते.

२१ जून, संध्याकाळ
त्याचा फोन आला. म्हणाला, आजी, आज फार घाई झाली, वर यायला जमलंच नाही. पण गाडीतून बघितलं, तू खिडकीत उभी होतीस. मस्त हसत होतीस. म्हटलं, ठणठणीत आहे, काळजी नाही. हात केला तुला. दिसला ना?
मी म्हटलं, दिसला रे. मीही केला होता.