गोट्या कुणाच्या पायांवर बसला

मंगळवार, बाळकुम. दिवेलागण झाली आहे.

आज माझा बुल टेरियर, गोट्या, पाटीलमावशींच्या पायांवर बसला. माझ्यासमोर.

बुल टेरियर म्हणजे चावरा कुत्रा, हे सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे. तक्रार मावशींनीच केली; त्याला ठेवायचं की नाही, ते रविवारच्या मीटिंगमध्ये ठरणार. मी दारोदार सांगत फिरलो, की हा हट्टी आहे, थोडा विदूषकही आहे, पण माणसांचा वेडा आहे. जीव लावला की पायांवर बसतो, अख्खा भार टाकून.

माणसांचा म्हणताना माझ्या मनात कोण होतं? मीच ना?

बागेत मावशी बाकावर बसल्या होत्या. हा गेला, त्यांच्या पायांवर बसला आणि डोळे मिटले. मी हाक मारली. फक्त कान हलला. दुसऱ्या हाकेला तोही नाही.

"कवरा जड हाय रं यो!" म्हणत मावशी त्याचं लांबट तोंड कुरवाळू लागल्या.

रविवारची काळजी मिटली होती. तरी मी म्हणालो, "मावशी, जपून. चावतो कधीकधी."

तो आजवर कुणालाही चावलेला नाही.

त्यांनी पाय काढले नाहीत. "यो चावंल? जल्ला तुजा तोंड! इतके दिस तूच सांगत व्हतास ना, नाय चावत म्हणून?"

मी हसलो. दुसरं काय करणार?

त्या घाबरल्या असत्या तर रविवारी गोट्या गेला असता. हे ठाऊक असूनही बोललो.