मायना

४ मार्च
हा फोन माझा कारकून. मी बोलते, तो लिहितो. मला अक्षर नाही, त्याला अक्कल नाही — जोडी जमली!
आमची सून मेधा युनिव्हर्सिटीत दोनशे वर्षांपूर्वीची पत्रं वाचते. कंपनी सरकारच्या साहेबानं कुठल्याशा राजाला लिहिलेली. जेवताना वाचून दाखवलं. नुसता मायनाच ताटभर — स्नेहाचे सागर, कृपेचे मेघ! आणि खाली? किल्ला रिकामा करा!
"आई, मायना गोड झाला की समजायचं, फौज निघाली," मेधा म्हणाली. शेवटच्या पत्राला म्हणे मायनाच नाही. राज्यच गेलं, कुणाला कशाला मान द्यायचा?
लोण्याला भुलला मेला राजा!

९ मार्च
"आई, तुम्ही बसा, कुकर मी लावते." — मेधा! प्रबोध तुआसहून, कामावरून येताना माझ्यासाठी आंबे घेऊन आला. आईला कधी पेरू न आणणारा मुलगा!
फौज निघाली.

११ मार्च
नातीनं तिच्या इथल्या इंग्रजीत फोडलं. "अदर आजी कमिंग लाह! स्लीपिंग इन युअर रूम!"
म्हणजे मेधाची आई, विनीताबाई. नागपूरला एकटी, त्यात पाय मोडलेला. आणि मी? माझा गाशा गुंडाळायचा! परदेशातल्या या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये तिसरी खोली आहेच कुठे?

१२ मार्च
मेधा कामावर गेली. मी फोनमधल्या विनीताबाईंच्या फोटोवर बोट दाबलं. असा मायना लावला —
"जय भीम, विहीणबाई! या हो, या! लेकीचंच घर. दोन दोन म्हाताऱ्यांची उस्तवारी म्हणून मेधा कुरकुरते जरा. तुमच्या तोंडावर नाही बोलायची, गुणाची आहे."
पलीकडून विनीताबाई, "बरं झालं सांगितलंत."
आंबा गोड निघाला.

२० मार्च
विनीताबाई येत नाहीत. तिकडेच वृद्धाश्रमात गेल्या. मेधा ओक्साबोक्शी रडली. मीच पाठीवरून हात फिरवला.
राजाला जमलं नाही ते मला जमलं!

२१ मार्च
प्रबोध दारातच उभा. "तुला कोण घालवत होतं, आई? तुझ्याच खोलीत दुसरा पलंग टाकणार होतो. तू नाही म्हणशील म्हणून मेधा विचारायला घाबरत होती." मग म्हणाला, "तिच्या आईनं तिला सगळं सांगितलंय."
मी आंब्याची साल बघत बसले.

२२ मार्च
मेधानं ताट पुढं सरकवलं.
"जेवा."
'आई' नाही. नुसतं, जेवा.