तुझी किडनी मजेत आहे

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (लांबूनच केला आहे, तेव्हा आशीर्वादही लांबूनच दे. हल्ली आमच्याकडे सगळं लांबून चालतं.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला साधाच निघाला ना? मी ठणठणीत आहे आणि तुझी किडनीही मजेत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्र उघडल्याबरोबर तू पहिल्यांदा तिचीच खुशाली शोधणार, माझी त्यानंतर. तिला माझ्याकडे नांदायला येऊन इतकी वर्षं झाली, तरी तू अजून मुलीच्या आईसारखी रोज फोन करून विचारतेस, पाणी वेळेवर मिळतं ना, दगदग होत नाही ना. अगं, तिला सासरी काही कमी नाही. जे काही सोसते आहे ते सासर सोसतं आहे.

पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'बाहेर गेली नाहीस ना?' इथून तुझं सुरू होतं आणि 'जाऊ नकोस हं' इथे संपतं. मधे माझ्या वाट्याला एक 'अगं' येतो. पत्रात तुला मधे तोंड घालता येणार नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. बसून वाच.

साथ सुरू झाली आणि आरोग्य खात्याचं ते पत्र आलं, हे तुला माहीत आहे. त्यात मला 'अतिजोखमीची व्यक्ती' म्हटलं होतं. मला! ताई, गेली वीस वर्षं मी अशा माणसांच्या शेजारी बसून भर रस्त्यातून फिरते आहे, ज्यांना ब्रेक कुठला आणि ॲक्सिलरेटर कुठला हे पुढच्या सिग्नलपर्यंत आठवत नाही. आणि जोखमीची व्यक्ती मी? (शहरात आज जेवढे लोक गाडी चालवतात त्यातले निम्मे माझ्या हाताखालून गेलेत. उरलेले कसे चालवतात ते तू पाहिलंच आहेस.) पण छापील पत्रापुढे माझं कोण ऐकतंय? आमच्या ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. जन्मभर ग्रंथपाल, त्यामुळे छापलेल्या शब्दावर ह्यांची जी श्रद्धा आहे तिच्या पाव हिश्शाने माझ्या शब्दावर असती, तर संसार सोन्याचा झाला असता. ह्यांनी ते पत्र पेन्सिल घेऊन वाचलं, खुणा केल्या, आणि मग शिलाईच्या पेटीतली टेप काढून घर मोजलं. आतली खोली आणि तिची बाल्कनी मला मिळाली. हे बाहेर सोफ्यावर झोपायला गेले, तिथे ह्यांचे पाय गुडघ्यापासून पुढे हवेत. माझं ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवायचं, दार वाजवायचं आणि मागे पळायचं, अशी पद्धत पडली. लग्न झाल्यापासून माझ्यासाठी ह्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. टोमॅटोला साबणाचा वास, पेपरला इस्त्री, आणि फरशी दिवसातून दोनदा कसल्याशा उग्र पाण्याने पुसलेली.

बाकीच्या जगाचं तर विचारूच नकोस. त्या पत्रापूर्वी सगळे मला मॅडम म्हणायचे. पत्र आलं आणि एका रात्रीत मी मावशी झाले. हॉस्पिटलमधला तो तरुण डॉक्टर फोनवर माझ्याशी इतक्या मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला, की किडनीबरोबर माझे कानही गेलेत असं त्याला कुणी तरी सांगितलं असावं. आणि आमच्या इमारतीचे अध्यक्ष (त्यांना सगळे सूचनाकाका म्हणतात, कारण जिना, पाण्याची टाकी, पत्रपेट्या, जिथे भिंत दिसेल तिथे त्यांची सूचना असते) त्यांनी आमच्या दारावर कागद चिकटवला: 'येथे अतिजोखमीची व्यक्ती राहते. जवळ जाऊ नये.' कुत्र्यापासून सावध राहा म्हणतात ना, अगदी तसं! मी दार किलकिलं करून खाली लाल पेनने लिहिलं, 'अजून कुणाला चावलेली नाही. पण सांगता येत नाही.' तेव्हापासून दूधवाला पिशवी खालच्या पायरीवरच ठेवून जातो.

आता जे सांगते ते तुला माहीत नाही, आणि आता रागावून उपयोगही नाही, कारण सगळं बरं होत आलं आहे. त्या उग्र पाण्याने पुसलेल्या ओल्या फरशीवरून माझा पाय सटकला आणि डावं मनगट मुरगळलं. घरात राहिली तरच वाचेल म्हणून जिला घरात ठेवलं, ती घरातच पडली. तरुण डॉक्टरने फोनच्या पडद्यावर हात बघितला, हाड मोडलेलं नाही म्हणाला, पट्टा बांधून हात गळ्यात अडकवायला सांगितला आणि बजावलं की महिनाभर गाडीला हात लावायचा नाही. हे तर इतके हबकले की दोन दिवस सोफ्यावरून माझी माफी मागत होते. एवढ्या लांबून माफी मागितली की तिची गंमत जाते.

आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्या संपत आल्या. तुझी किडनी माझ्या शरीराने परकी म्हणून हाकलून देऊ नये, यासाठी ज्या गोळ्या मी घेते, त्या फक्त हॉस्पिटलच्या खिडकीवर मिळतात. आधी त्यांची गाडी घरपोच आणून द्यायची, पण ती चालवणारेच आजारी पडले. शिवाय या वेळी रक्त तपासल्याशिवाय नव्या गोळ्या देणार नव्हते, म्हणजे मला स्वतःला जाणं भाग. बस बंद, टॅक्सी बंद. शेजारची शिक्षिका नेते म्हणाली, तर दुसऱ्याच दिवशी तिलाच ताप भरला. ॲम्ब्युलन्ससाठी फोन केला, तर माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं रांगेत होती. त्यांच्या पुढे घुसायची मला लाज वाटली. खाली आवारात माझी ड्रायव्हिंग शिकवणीची, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असलेली गाडी धूळ खात उभी. आणि घरात गाडी चालवू शकेल असं माणूस एकच, त्याचा हात गळ्यात.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ह्यांच्याकडे शिकाऊ लायसन्स आहे, माझ्या धाकामुळे मुदत संपली की हे नवं काढतात, पण स्टिअरिंगमागे एकदाही बसलेले नाहीत. मी विषय काढला की ह्यांना वाचायचं काही तरी आठवतं. या वेळी मी दाराच्या फटीतून एवढंच म्हटलं, "गोळ्या पुढच्या आठवड्यात संपतात." थोड्या वेळाने बाहेर कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला, मग गाडीचं माहितीपुस्तक उघडल्याचा.

शिकवणी अशी: मी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, हे खाली गाडीत एकटे, तोंडाला मास्क, हातात मोजे, फोन पुढे टेकवून ठेवलेला. (मी खाली उतरून शेजारी बसते म्हटलं, तर पत्रातलं खूण केलेलं वाक्य मला वाचून दाखवलं. हॉस्पिटलखेरीज उंबरा ओलांडायचा नाही.) पहिलाच प्रश्न आला, "अर्धा क्लच म्हणजे नेमका किती? पुस्तकात प्रमाण दिलेलं नाही." मी म्हटलं, "ते पायाला कळतं." तर म्हणाले, "माझ्या पायाला कधी काही कळलेलं नाही." आणि ते खरंच होतं. गाडी बेडकासारखी उड्या मारत पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आणि बंद पडली. घरोघर कोंडलेली माणसं, त्यांना फुकटचा तमाशा मिळाला! प्रत्येक बाल्कनी भरली. कुणी 'गिअर, गिअर' ओरडतंय, कुणी 'हँडब्रेक काढा' म्हणतंय, वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश तर प्रत्येक फेरीला निकाल देत होते. माझा उजवा पाय वीस वर्षांच्या सवयीने आपल्या बाजूचा ब्रेक शोधत होता. एकदा हे भिंतीच्या दिशेने निघाले तेव्हा तो त्याला सापडला, फक्त तो ब्रेक नव्हता, कपड्यांची बादली होती. ती कठड्याच्या खालून सटकली आणि सूचनाकाकांच्या पुढ्यात जाऊन पडली.

त्यांनी वर बघून आवारात वाहन शिकण्यास मनाई आहे असं जाहीर केलं. मी वरून विचारलं, "तशी सूचना कुठे लावलीय?" कुठेच नव्हती. बिचारे लगेच लिहायला गेले. ती लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, चौकटीत बसवून लागेपर्यंत ह्यांना दुसरा गिअर पडायला लागला होता.

हॉस्पिटलचा दिवस उजाडला. हे पांढऱ्या शर्टात, चेहराही त्याच रंगाचा. मी बऱ्याच दिवसांनी जिना उतरले. ताई, रिकाम्या रस्त्याला पण वास असतो गं, मला माहीतच नव्हतं. गाडीपाशी आमचं भांडण झालं. ह्यांचं म्हणणं, मी मागच्या सीटवर, तिरक्या कोपऱ्यात बसायचं, पत्रात तसं आहे. मी म्हटलं, "ब्रेक पुढे आहे." "पण जोखीम?" "तुम्ही चालवताय आणि मी मागे बसायचं, जोखीम ती आहे!" असं म्हणून मी पुढचं दार उघडून बसले. बाल्कन्यांमधून टाळ्या पडल्या. न्यायाधीश म्हणाले, "निकाल बाईंच्या बाजूने."

रस्ता मोकळा होता. हे इतक्या हळू चालवत होते की एक म्हातारं कुत्रं बराच वेळ आमच्या बरोबरीने चाललं आणि मग कंटाळून पुढे निघून गेलं. सगळं सुरळीत होतं, आणि चौकात बाजूच्या गल्लीतून कचऱ्याची अख्खी गाडी समोर आली. मी क्षणाचाही विलंब न लावता माझ्या बाजूचा ब्रेक असा दाबला की गाडी हातभर अंतरावर जागच्या जागी उभी राहिली. अनुभव, दुसरं काय! मी नसते तर काय झालं असतं, याचा विचार ह्यांनी करावा. (हा विचार हे करत नाहीत. आल्यापासून शीळ घालत असतात.)

हॉस्पिटलच्या दाराशी पहारेकऱ्याने आम्हा दोघांकडे पाहिलं. एक बाई गळ्यात हात अडकवून ताठ उभी, आणि एक गृहस्थ घामाने निथळत गाडीला धरून उभे. त्याने व्हीलचेअर आणली आणि ह्यांना बसवलं! हे खरंच बसले. ढकलायला माणूस मिळेना, तेव्हा एका हाताने आणि थोडी पोटाने अतिजोखमीच्या व्यक्तीने ती खुर्ची आतपर्यंत ढकलत नेली. तपासणीच्या खोलीत तो तरुण डॉक्टर ह्यांच्या दंडाला रबर बांधायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, किडनी इकडे आहे. आणि मी तुमची मावशी नाही. मॅडम म्हणायचं." तो हसला असावा. मास्कमुळे दिसलं नाही, पण कान वर गेले.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. तपासणीला दर वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीत ती टेलरीण बसायची ना, जिची कात्री पर्समध्ये असायची आणि जी सगळ्यांच्या बाह्या सैल आहेत म्हणून नावं ठेवायची, ती दिसली नाही. मी नर्सला विचारलं. नर्स रक्ताच्या बाटलीवर नाव लिहीत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही.

रक्त उत्तम निघालं. डॉक्टर म्हणाला, मॅडम, तुमची किडनी माझ्यापेक्षा चांगली आहे. गोळ्या मिळाल्या. परत येताना हे एकाएकी म्हणाले, "मी फार घाबरलो होतो. गाडीला नाही." मी खिडकीबाहेर बघितलं. वीस वर्षांत मी शिकाऊ माणसाला 'समोर बघा' असं इतक्या हळू आवाजात कधी सांगितलं नव्हतं.

तर ताई, सांगायचं एवढंच. हात धुवीन, मास्क लावीन, दार बंद करून बसेन, गोळी चुकवणार नाही. पण मला काचेच्या कपाटातली बशी करू नका. दारावरचा तो कागद मी काढून टाकलाय आणि त्या जागी माझ्या ड्रायव्हिंग शाळेची पाटी लावली आहे: शिकवणी चालू, बाल्कनीतून. दोन विद्यार्थी मिळाले आहेत, त्यातला एक न्यायाधीश. जेवायला आम्ही आता टेबलाच्या दोन टोकांना बसतो. ह्यांनी पुन्हा मोजून बघितलं, अंतर पुरतं आहे. उद्यापासून घाबरून फोन करायचा नाही. आमचं उत्तम चाललंय, कुणाची भीती नाही, कशाची नाही.

भावजींना नमस्कार. तुझ्याच हाडामांसाची (एक नग तर अक्षरशः),
धाकटी

ता. क. चौकातला ब्रेक मी दाबला नव्हता. मी डोळे मिटून घेतले होते आणि दोन्ही पाय वर सीटवर. गाडी ह्यांनी थांबवली. ह्यांना ते माहीत आहे, पण पत्रात माझ्या मनासारखं लिहायची परवानगी दिली आहे.

ता. क. २. तुझ्या शेजारणीचा मला फोन आला होता. तू म्हणे रोज पिशवी घेऊन बाजारात जातेस, मास्क हनुवटीवर, आणि गर्दीत भाव करत उभी राहतेस. माझं नाव यादीत आहे आणि तुझं नाही, म्हणून तू मोकळी सुटलीस की काय? माझ्याकडे तुझी एक आहे, आणि तुझ्याकडेही आता एकच आहे. ती टेलरीण परवापर्यंत बाह्यांना नावं ठेवत होती. ताई, मी तुझ्या पाया पडते, घरात बस. वर लिहिलेलं सगळं खोटं आहे, मला भीती वाटते. माझी नाही.

ता. क. ३. तुझ्यावर विश्वास नसल्यामुळे रविवारी आम्ही जातीने बघायला येतोय. माझ्या हाताचा महिना अजून संपायचाय, म्हणून चालवणार हेच; मी काचा लावून गाडीत बसेन, तू खिडकीत उभी राहा. (डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलंय. फोन खरखरत होता, कदाचित 'हरकत आहे' म्हणाले असतील.) फक्त एक गोष्ट उलट टपाली कळव, त्याच्यासाठीच हा सगळा पत्रप्रपंच: तुमची गल्ली पलीकडच्या बाजूने मोठ्या रस्त्याला निघते का? ह्यांना अजून गाडी मागे घेता येत नाही.