जुन्या सरांचा लॉगिन

३ जून
पाच ग्रंथालयांची बैठक. लेखांचा ऑनलाइन डेटाबेस आम्ही पाचजण मिळून घेतो, खर्च वाटून. नवा नियम: महिन्याला वीसपेक्षा कमी वापर झाला, तर ते ग्रंथालय गटाबाहेर. मी हसलोच. आमचे वाचक नुसते तुटून पडतात! संकल्प: स्वतः रोज एक लेख वाचायचा.

४ जून
मे महिन्याचा रिपोर्ट. आमचा वापर सव्वीस! बायकोला म्हटलं, बघ, ग्रंथालय असं चालवतात. ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

६ जून, संध्याकाळी
रिपोर्ट नीट वाचला. सव्वीसच्या सव्वीस वेळा एकच लॉगिन. जुन्या सरांचा. ज्यांच्या जागी मी आलो ते. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं! वेळ रोज दुपारी तीन. तेव्हा मी केबिनचं दार लावून, डोळे मिटून नियोजन करत असतो. अंगावर काटा आला.

७ जून
शिपायाला सहज विचारलं, दुपारी कुणी असतं का? असतं की, म्हणाला, तुम्हाला ठाऊक नाही? पुढचं मी ऐकलं नाही. धीरच झाला नाही.

९ जून, दुपारी ३
दाराबाहेर कीबोर्ड. टक. टक. एका बोटाने. सर असंच टाइप करायचे म्हणे. बाहेर गेलो नाही. भीती कसली, काम होतं. संकल्प उद्यापासून.

१० जून
लॉगिन कायमचा डिलीट. सिस्टीमने विचारलं, जपून ठेवलेलं सगळं जाईल, नक्की? नक्की! आता उठताबसता लोकांचं 'सर असते तर' ऐकायला नको. वापराचं माझे वाचक बघतील. पोस्टर लावलं.

११ जून
तीनला दार वाजलं. मेलो! सरांच्या मिसेस. पासवर्ड चालत नाही म्हणाल्या. सरांनी दहा वर्षं लेख जमवून प्रत्येकाखाली टिपण लिहिलं होतं. काकू रोज एक वाचायच्या. ते बोलतायत असं वाटतं, म्हणाल्या. मी म्हटलं, सर्व्हर डाऊन असेल.

२० जून
काकू रोज येतात. सर्व्हर रोज डाऊन.

२ जुलै
गटाचं पत्र. जूनचा वापर आठ, सगळा दहा तारखेच्या आधीचा. आम्ही बाहेर.
काकूंना खरं सांगून टाकलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. सरांच्या लेखांची एकच यादी वाचायची राहिली होती, म्हणाल्या. नाव होतं 'माझ्यानंतर येणाऱ्यासाठी'. काय होतं तिच्यात, विचारलं. उघडलीच नव्हती, म्हणाल्या. ती तुमच्यासोबत वाचायची ठरवलं होतं, पण तुमचं दार नेहमी बंद.